विदर्भ-खानदेशचं ऊन आणि घराचं छत : स्लॅब, पत्रा आणि पश्चिमेची भिंत यांचं काय करायचं

दरवर्षी २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्याच दोन-तीन दिवसांत जळगाव आणि नागपूरला शून्य सावलीचा दिवसही येतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच संपते. पुण्या-मुंबईत हा दिवस मेच्या मध्यालाच येऊन जातो. पंचांग आणि खगोलशास्त्र दोघंही इथे एकच गोष्ट सांगतात: आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन वरून येतं. तरी घर बांधताना सगळं लक्ष समोरच्या एलिव्हेशनवर असतं. समोर काळ्या दगडाचं क्लॅडिंग (भिंतीवर बाहेरून लावलेलं आवरण), गेटला लेझर कटिंग, आणि गच्चीवर नुसता उघडा, काळवंडलेला कोबा. मग वरच्या मजल्यावर दीड टनाचा एसी लावायचा आणि तो खोली गार करत नाही म्हणून कंपनीला शिव्या द्यायच्या.

हा लेख मुख्यतः विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यातल्या घरांसाठी आहे. पारा ४४-४५ वर जातो, हवा कोरडी असते आणि धूळ भरपूर. कोकण-गोव्याचं गणित थोडं वेगळं आहे, ते जाता जाता सांगतो.

पहिली पायरी : ऊन कुठून आत येतं ते बघा

मे महिन्यात दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत नागपुरात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. म्हणून "दक्षिणेकडून फार तापतं" ही तक्रार ऐकली की मी आधी वर काय आहे ते बघतो. दक्षिणेची भिंत तापते ती हिवाळ्यात. डिसेंबरात दुपारचा सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो, आणि तेव्हा ते ऊन हवंहवंसं असतं.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छत खातं. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम. दोन्ही भिंतींवर पडणारं ऊन जवळपास सारखंच, पण सकाळी हवा गार असते आणि घरही रात्रभरात निवलेलं असतं. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येतं तेव्हा हवा आधीच तापलेली असते. त्यात नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला सहा ते आठ तास लागतात. म्हणजे दुपारी तीनचं ऊन तुमच्या पलंगाच्या डोक्याशी रात्री दहाला येतं. स्लॅब त्यापेक्षा पातळ असतो. तो आतून सर्वांत गरम होतो संध्याकाळी पाच-सहाला, आणि साठलेलं मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो.

तपासायला सोपी रीत आहे. रात्री नऊ-साडेनऊला पंखे, कूलर बंद करा. टेबलावर चढून छताला तळहात लावा, मग चारही भिंतींना लावून बघा. फरक हाताला कळतो. ज्याला आकडा हवा त्याने अंतरावरून तापमान घेणारी थर्मामीटरची बंदूक वापरावी. ती रंगवलेल्या पृष्ठभागावर बरोबर आकडा देते. चकचकीत, बिनरंगाच्या पत्र्यावर मात्र फसवते, तिथे खरं तापमान असतं त्यापेक्षा बरंच कमी दाखवते. पत्र्यावर आधी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, पाच मिनिटं थांबा आणि त्या पट्टीवर नेम धरा. आकडे वहीत लिहून ठेवा. काम झाल्यावर फरक किती पडला ते सांगायला ठेकेदाराची गरज उरत नाही.

दुसरी पायरी : गळती आधी, थंडावा नंतर

हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं वाया. स्लॅबला भेगा असतील, पाणी साचत असेल, पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या सांध्यात गोलाई नसेल, तर आधी ते उरका. पाण्याच्या निकासाचे पाइप कापडाने बुजवून गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवा आणि खालून ओल बघा. गच्चीचा उतार शंभर फुटाला किमान एक फूट असा पाहिजे. गळक्या स्लॅबवर महागडा पांढरा रंग लावला की पहिल्या पावसाळ्यात खाली फुगे येतात आणि दुसऱ्यात पापुद्रे निघतात.

तिसरी पायरी : स्लॅबसाठी तीन वाटा

*पहिली वाट, पांढरा रंग.* सगळ्यात स्वस्त आणि खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फळ देणारी. उन्हाचा मोठा भाग स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परत पाठवायचा, एवढंच तत्त्व. तेलंगणाने २०२३ साली यावर राज्याचं स्वतंत्र कूल रूफ धोरण आणलं आणि २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छतं अशी करायचं लक्ष्य ठेवलं. आपल्याकडे हे काम अजून तरी ज्याचं त्यानेच करायचं आहे.

भागत नसेल त्याने चुना मारावा, लाज वाटायचं कारण नाही. चांगला विरलेला किंवा पिशवीतला हायड्रेटेड चुना घ्या, रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या धोतराने गाळून घ्या. त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि फेविकॉलसारखं चिकटवणारं द्रव मिसळलं की हात लावला तरी भुकटी सुटत नाही. गच्ची आधी तारेच्या ब्रशने घासा, शेवाळ खरवडून काढा, धुऊन घ्या. स्लॅब ओलसर असतानाच पहिला हात मारा, तोही ऊन उतरल्यावर. तापलेल्या स्लॅबवर मारलेला चुना क्षणात सुकतो आणि धरतच नाही. दुसरा हात पहिल्याला आडवा मारायचा, गरज वाटली तर तिसरा. मध्ये दोन दिवस हलकं पाणी शिंपडा, सिमेंट आहे त्यात. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर थट्टा नाही. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचं. पावसाळ्यात बराचसा चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षीचं काम धरून चला.

चार-पाच वर्षांची सोय हवी असेल तर इलॅस्टोमेरिक, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं, कूल रूफ कोटिंग घ्या. डब्यावर एसआरआय नावाचा आकडा असतो, उन्हात पृष्ठभाग किती गार राहतो तो. काळ्या पृष्ठभागाला ०, प्रमाण मानलेल्या पांढऱ्याला १००, आणि चांगली कोटिंग्ज शंभरच्याही पुढे जातात. दुकानदार हा आकडा लगेच दाखवतो. तुम्ही मात्र दुसरा आकडा मागा: तीन वर्षं हवा-पाणी खाल्ल्यानंतरचा. आपल्याकडच्या धुळीत पांढरेपणा टिकतो किती, यावर सगळा खेळ आहे. धुळीने करडी झालेली गच्ची निम्म्याहून कमी काम करते असं समजून दर मार्चमध्ये ती धुवायची. साबण नको, झाडू आणि पाणी पुरे.

दोन अडचणी सांगून ठेवतो. पांढरी गच्ची पावसात निसरडी होते, म्हणून टाकीकडे जायच्या वाटेवर वाळू मिसळलेला हात मारून घ्या. आणि शेजारी उंच इमारत असेल तर त्यांच्या खिडकीत चमक जाते, तेव्हा शुभ्र रंगाऐवजी हस्तिदंती घेतलेला बरा.

*दुसरी वाट, ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा आणि वर पांढरे चायना चिप्स (चकाकत्या टाइल्सचे तुकडे).* महाराष्ट्रात गच्ची म्हटलं की मिस्त्री हेच सुचवतो: "भाऊ, कोबा टाकून देऊ, एसी लागणार नाही." कोबा वॉटरप्रूफिंगसाठी उत्तम आहे, उतार नीट मिळतो. उष्णतेच्या बाबतीत मात्र त्याच्याकडून फार आशा ठेवू नका. हे थोडं हिशेबाने बघू. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली 'इको निवास संहिता' आणली. त्यात छताचा यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावा असं म्हटलंय. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा, जितका कमी तितकं बरं. सहा इंची उघड्या स्लॅबचा हा आकडा तीनच्या पुढे जातो. त्यावर चार इंच कोबा टाकला तर सव्वादोनच्या आसपास येतो. सुधारणा झाली खरी, पण संहितेच्या जवळपासही आपण पोचलो नाही. कोब्याचा खरा फायदा वरच्या पांढऱ्या चायना चिप्समुळे होतो. म्हणून चिप्स रंगीबेरंगी, निळे-हिरवे घेऊ नका. चकाकणारे पांढरे घ्या आणि सांधेही पांढऱ्या सिमेंटने भरा.

वजनाकडेही बघायला हवं. साडेचार-पाच इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं. जुन्या घरात कुणीतरी एकावर एक दोन-तीन कोबे टाकून ठेवलेले असतात. त्यावर आणखी एक थर टाकायच्या आधी जुना काढायला लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

*तिसरी वाट, स्लॅबच्या वर इन्सुलेशन.* नवीन घर बांधत असाल किंवा गच्चीचं काम मुळापासून करायचं असेल, तर माझं मत इथेच पडतं. यासाठी एक्सपीएस नावाचा फिकट निळा, गुलाबी किंवा हिरवट बोर्ड मिळतो. बघितल्यावर थर्माकोलच वाटतो, पण थर्माकोलचे दाणे दाबले की बसतात आणि सांध्यातून पाणी पितात. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात, त्यामुळे तो पाणी धरत नाही. घनता घनमीटरला ३२ ते ३६ किलो अशी लिहून घ्या. फक्त २५ मिलिमीटरचा बोर्ड टाकला तरी हिशेबात यू-व्हॅल्यू ०.९ च्या आसपास येतो, ५० मिलिमीटरला अर्ध्यावर. दोन इंच बोर्डाचं काम नुसत्या कोब्याने करायचं म्हटलं तर त्याची जाडी चार फुटांच्या पुढे न्यावी लागेल.

थरांचा क्रम महत्त्वाचा, इथेच बहुतेक कामं बिघडतात. खालून वर असा क्रम: स्लॅब, त्यावर उताराचा गिलावा, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर आणि त्याची पाणी उभं करून चाचणी. चाचणी पास झाल्याशिवाय बोर्ड उघडायचेच नाहीत. मग एक्सपीएस बोर्ड, सांधे एकमेकांना चुकवून, सांध्यांवर टेप. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड. त्यावर दोन इंच काँक्रीट, बारीक जाळी टाकून, आणि ते सलग न ओतता साधारण दहा-दहा फुटांच्या चौकोनांत, मधल्या फटीत सीलंट भरून. शेवटी पांढऱ्या फरश्या किंवा कोटिंग. वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या खाली राहिल्याने त्यावर ऊन पडत नाही, म्हणून ते जास्त वर्षं टिकतं.

"बोर्ड खालून छताला लावून पीओपी केलं तर?" हा नेहमीचा प्रश्न. थोडा फायदा होतो, भाड्याच्या घरात तोच एक उपाय उरतो. पण मग स्लॅब उन्हात तसाच तापत राहतो, दिवसा फुगतो, रात्री आकसतो, आणि पॅरापेटच्या मुळाशी आडव्या भेगा पडत राहतात. वरून इन्सुलेशन केलं की स्लॅबच सावलीत येतो. नुसतं पीओपीचं छत, आत काही न भरता, शोभेचं म्हणा.

मडकी उलटी मांडून त्यावर कोबा करायची पद्धतही आहे, आणि ती काम करते, कारण आतली हवा इन्सुलेशन होते. फक्त मडकी फुटतात, वजन वाढतं, आणि पुढे गळती सापडवणं अवघड जातं. गावात कुंभार आहे आणि हौस आहे, तर करा.

सावली : गच्चीवरचं दुसरं छत

नागपूर-अकोल्यात एप्रिल लागला की गच्च्यांवर हिरवी नेट दिसू लागते. ही साधी नेटही मोठा फरक पाडते, फक्त ती स्लॅबवर पसरू नका. कमीत कमी दोन-तीन फूट वर ताणून बांधा, म्हणजे खालून हवा वाहते. ७५ टक्के सावलीची जाळी पुरते. वावधान सुटलं की सर्वांत आधी नेट उडते, तेव्हा दोर पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधू नका. पाइप निघून आलेले बघितलेत.

सोलर बसवायचंच असेल तर ते सावलीसारखं वापरा. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा जाते, म्हणजे ३ किलोवॉटखाली अख्खी एक बेडरूम झाकते. स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच करून घेतलं तर खाली वावरताही येतं. वरच्या मजल्यावरची सर्वांत तापणारी खोली कोणती ते ठरवा आणि पॅनेल तिच्यावर येतील असा आराखडा मागा. कंपनीचा माणूस त्याच्या सोयीची जागा सुचवेल, ती मुकाट्याने मान्य करू नका. पॅरापेटची आणि टाकीची सावली मात्र पॅनेलवर येता कामा नये.

पत्र्याचं घर

पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही, त्याची दोन कारणं आहेत. पत्रा क्षणात तापतो आणि तापला की खालच्या माणसावर थेट उष्णता फेकतो. हवा ४४ अंश असेल तेव्हा पत्रा साठीच्या पुढे सहज जातो.

चकचकीत नवा जीआय पत्रा उन्हाला परत पाठवतो, मग तो तापतो का? कारण धातू ऊन परतवतो, पण जे थोडं शोषतो ते बाहेर सोडायला फार कंजूष असतो. तेच पांढऱ्या रंगाचा पत्रा ऊनही परतवतो आणि उरलेली उष्णता आकाशाकडे सोडतोही. म्हणून रंगीत पत्रा घेताना पांढरा किंवा अगदी फिकट घ्या. विटकरी, निळा आणि गडद हिरवा हे रंग गावोगाव दिसतात, कारण दुकानात तेच पडून असतात. जाडी बिलावर लिहून घ्या, आणि ती रंगासकट आहे की नुसत्या पोलादाची ते विचारा. ०.५० सांगून ०.४२ देणं नवं नाही. सूक्ष्ममापी घेऊन गेलात तर दुकानदार आपोआप नीट बोलतो.

पोलादावर अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जास्त टिकतो. चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा असलेला मागा. स्क्रूला ईपीडीएम रबराचे वॉशर असू द्या, साधं काळं रबर दोन उन्हाळ्यांत तडकतं आणि पावसाळ्यात टपटप सुरू होते.

आता जुन्या पत्र्याचं काय? क्रमाने करा. आधी वरून गंज घासून प्रायमर आणि पांढरी कोटिंग. मग हवा निघायला वाट: दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, पत्र्याच्या अगदी खाली, जाळी लावून झरोके. हे फुकटात पडतं आणि लोक नेमकं हेच बुजवतात, उंदीर येतात म्हणून. बारीक जाळी लावा. तिसरं म्हणजे खाली छत. पत्रा आणि छताच्या मध्ये किमान सहा इंच हवा राहील असं बांबूच्या चटईचं, सिमेंट बोर्डाचं किंवा जे परवडेल त्याचं. चांदीच्या रंगाची बबल शीट लावायची तर तिच्या चकचकीत बाजूला हवेची पोकळी हवीच, पत्र्याला चिकटवून लावली की तिचा अर्धा उपयोग जातो.

पैसे असतील आणि नव्यानेच टाकायचं असेल, तर दोन पत्र्यांच्या मध्ये पीयूएफ नावाचा फोम भरलेलं सँडविच पॅनेल घ्या, ५० मिलिमीटरचं. पत्र्याच्या खोलीत आणि या खोलीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पॅनेलचे सांधे आणि कणा नीट बंद झालेत ना तेवढं बघा.

सिमेंटचा जुना पत्रा असेल तर एक इशारा. त्यात बहुधा अॅस्बेस्टॉस असतो, आणि त्याचे तंतू श्वासात जाणं कर्करोगाला निमंत्रण आहे. पत्रा धड असेल तर शांत असतो. तो कोरडा घासू नका, कटरने कापू नका, फोडून अंगणात टाकू नका. ओला करून, मऊ ब्रशने हलकेच साफ करून वरून पांढरा रंग द्या. काढायचाच असेल तर पाणी मारत, अख्खा उतरवा. आणि नवा घेताना अॅस्बेस्टॉस नसलेलाच मागा.

कौलं आणि धाबं

मंगलोरी कौलं १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात सुरू झाली आणि कोकणपट्टीत रुजली, ती उगाच नाही. सांध्यांतून हवा खेळते, मातीला पत्र्यासारखा चटका नसतो. दमट हवेत भिंती जाड करून फायदा नाही, वारा वाहता ठेवणं आणि छत हलकं, सावलीचं ठेवणं तिथे योग्य. विदर्भात कवेलूची घरं अजून आहेत, पण दरवर्षी फेरायला माणूस मिळत नाही आणि माकडं एका दुपारी अख्खी ओळ मोकळी करतात.

मराठवाडा-खानदेशातलं माळवद किंवा धाब्याचं घर हे कोरड्या उन्हाचं खरं उत्तर होतं. लाकडी सरे, किलचन, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारची धग आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री घरातले सगळे वरच झोपलेले असतात. असं घर शिल्लक असेल तर पाडून स्लॅब टाकायची घाई करू नका. ओल, वाळवी आणि तुळईची ताकद तपासून घ्या आणि दर पावसाळ्याआधी माती टाकत राहा.

चौथी पायरी : भिंती

छत झालं की पश्चिमेची भिंत. नवीन बांधकाम असेल तर आराखड्यातच निम्मं काम होतं: जिना, संडास-बाथरूम, कोठीघर पश्चिमेला टाका. वास्तूवाले काही वेगळं सांगतील, तो वाद तुम्ही बघून घ्या.

भिंत कशाची? नऊ इंची लाल विटेच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या भिंतीचा यू-व्हॅल्यू दोनच्या जरा वर असतो. आठ इंची एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या) भिंतीचा ०.८ च्या आसपास. फरक मोठा आहे. एएसी हलकाही असतो, त्यामुळे स्टील वाचतं. पण त्याचं काम विटेसारखं करून चालत नाही. सांध्याला पातळ अॅढेसिव्ह, गिलाव्याआधी काँक्रीट आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी, आणि जड कपाट टांगायला वेगळे फास्टनर लागतात. गावच्या मिस्त्रीने हे कधी केलं नसेल तर भिंतभर केसासारख्या भेगा येतात आणि बदनाम होतो ब्लॉक.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांमुळे विदर्भात फ्लायअॅश वीट सर्रास मिळते. वीट मजबूत आहे, सरळ आहे, जरूर वापरा. ती "थंड" असते हा मात्र गैरसमज, उष्णतेच्या बाबतीत लाल विटेपेक्षा फार वेगळी नाही.

विटेचीच भिंत करायची तर लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप पद्धत बघा. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते. जाडी नऊ इंचच, विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. मिस्त्रीला दोन फूट उंचीची नमुना भिंत आधी बांधायला लावा, त्यात हात दिसतो.

उभं घर असेल तर पश्चिमेला बाहेरून काय करायचं? आधी रंग. शेडकार्डवर एलआरव्ही असा आकडा असतो, प्रकाश किती परततो तो. ६० च्या वरचा घ्या. शुभ्र पांढरा धुळीत चार महिन्यांत कळकट दिसतो, फिकट मलई किंवा बदामी जास्त दिवस सुसह्य राहतो. पश्चिमेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरत नाही, कारण संध्याकाळचं ऊन छज्ज्याखालून सरळ आत येतं. तिथे उभ्या पट्ट्या, जाळीची वीट किंवा बाहेरून वाळ्याचा पडदा पाहिजे. वाळ्यावर पाणी मारलं की वाऱ्यासोबत गारवाही येतो. काचेच्या आतले पडदे ऊन आत घेऊन मग अडवतात. जागा असेल तर भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर कडुनिंब किंवा करंज लावा.

आता क्लॅडिंग. काळा बेसाल्ट किंवा गडद ग्रॅनाइट भिंतीला चिकटवून लावला, की भिंतीला आपण आणखी उष्णता साठवायची जागा करून देतो. समोरची भिंत उत्तरेला असेल तर खुशाल लावा. पश्चिमेला लावायचंच तर ड्राय क्लॅडिंग करा: अॅल्युमिनियम किंवा गॅल्व्हनाइज्ड चॅनेलवर, भिंतीपासून दीड-दोन इंच सोडून, फिकट रंगाचे टेराकोटा किंवा फायबर सिमेंटचे बोर्ड. मधल्या फटीत खालून हवा शिरते, तापून वर निघून जाते. म्हणून खालची आणि वरची तोंडं उघडी ठेवा, आणि दोन्हीकडे बारीक जाळी लावा, नाहीतर पहिल्याच वर्षी गांधीलमाश्या पोळं करतील. ठेकेदार फिनिशिंगच्या नावाखाली वरचं तोंड सिलिकॉनने बंद करतो. तसं केलं की क्लॅडिंग फक्त शोभेला उरतं.

अॅल्युमिनियमचे एसीपी शीट घरासाठी मला पटत नाहीत. आत पॉलिथिन असलेले शीट पेट घेतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ साली लागलेली आग अशाच शीटवरून वर चढली. लावायचेच तर आगरोधक गाभ्याचे आणि त्याचं प्रमाणपत्र बघून. डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या) पट्ट्या छान दिसतात, पण सलग उन्हात फिकट पडतात आणि लांबीने वाढतात. टोकांना मोकळी फट ठेवली नसेल तर धनुष्यासारख्या वाकतात.

कोटेशन घेताना

"स्क्वेअर फुटाला इतके" या एका ओळीवर होकार देऊ नका. प्रत्येक थराचं नाव, जाडी, घनता, किती हात, कोणत्या कंपनीचा माल आणि पाण्याची चाचणी कधी, हे कागदावर मागा. डबे तुमच्यासमोर फुटले पाहिजेत. कोटिंगमध्ये पाणी किती मिसळायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, आणि मजूर सोयीने त्याच्या दुप्पट घालतो. वॉरंटी गळतीची आहे की थंडाव्याचीही, ते विचारा. बहुतेक वेळा फक्त गळतीची असते.

पैसा थोडा असेल तर क्रम असा ठेवा: गळती, पांढरी गच्ची, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली. पुढच्या वर्षी पश्चिमेच्या भिंतीचा रंग किंवा वेल. इन्सुलेशन तेव्हा, जेव्हा गच्चीचं वॉटरप्रूफिंग नाहीतरी नव्याने करायचं असेल. एकाच कामाची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.

वेळापत्रक साधं आहे. दिवाळीनंतर भेगा बघून भरून घ्या. फेब्रुवारीत रंगाचं काम, कारण एप्रिलमध्ये स्लॅब इतका तापतो की रंग ब्रशवरच सुकतो. मार्चच्या शेवटी गच्ची धुवा, नेट ताणा. मेअखेर, नवतपा संपता संपता, पन्हळी आणि निकासाचे पाइप मोकळे करा. वरची नेट सोडवून घडी करून ठेवा, कारण मृगाच्या पहिल्या वादळात ती शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडते.